मताचा हक्क आणि पैशाचा वांटा

सातपुड्याच्या पायथ्याशीं, वरूड तालुक्यांत, शेंदूरजनाघाट म्हणून गांव आहे. गांव कसलें, नगरपरिषद असलेलें लहानसें शहरच तें. परंतु भोंवतालच्या संत्र्याच्या बागांमुळें आणि तेथें तयार होणाऱ्या कलमांमुळें त्याचें नांव त्याच्या आकाराच्या मानानें पुष्कळ दूरवर पोहोंचलें आहे. ज्या मुलखांत बाग आहे तेथें विहीर आहे, आणि ज्या घरांत वांटणी झाली आहे तेथें विहिरीची पाळी आहे. बापानें खणलेली विहीर चौघां भावांत येते. जमिनीचे तुकडे पडतात, विहिरीचे पाडतां येत नाहींत. मग सातबाऱ्याच्या उताऱ्यावर इतर अधिकारांच्या रकान्यांत प्रत्येकाचा हिस्सा लिहिला जातो आणि त्या हिश्शाप्रमाणें पाळी ठरते. एखाद्या घरीं असें लिहून घेण्याची तसदी कोणी घेत नाहीं. थोरला भाऊ उदार असतो, लागेल तेवढें पाणी घे म्हणतो, आणि पावसाळे चांगले आहेत तोंवर धाकट्याची बागही थोरल्याच्या बागेइतकीच हिरवी दिसते. वैशाखांत पाणी तळाला गेलें म्हणजे मात्र लिहिलेला हिस्सा आणि मर्जीनें मिळालेलें पाणी यांतील भेद उघडा पडतो.

क्रिकेट आणि फुटबॉल या दोन खेळांच्या कारभारांत गेल्या कांहीं वर्षांत जे मोठे वाद झाले, त्यांच्या मुळाशीं हाच भेद आहे. वाद वरवर पाहतां पैशाचे दिसतात. कोणाला किती टक्के, कोणाला किती कोटी, अशीच भाषा त्यांत ऐकूं येते. परंतु वांटा किती हा प्रश्न एक, आणि वांटा ठरविण्याच्या बैठकींत आपल्याला हात वर करण्याचा अधिकार आहे कीं नाहीं हा प्रश्न दुसरा. पहिल्याचें उत्तर कितीही गोड असलें तरी दुसऱ्याचें उत्तर नकारार्थी असेल तर तो गोडवा फार काळ टिकत नाहीं. विदर्भाच्या क्रिकेटनें हा धडा दोन्ही बाजूंनीं पाहिला आहे, म्हणून त्याची हकीगत जरा विस्तारानें सांगण्याजोगी आहे.

खेळांतला पैसा एके काळीं मैदानाच्या दाराशीं गोळा होत असे. प्रेक्षक येई, तिकीट काढी, आणि दिवसाअखेर गल्ला मोजला जाई. आतां तो पडद्यावरून येतो. आयपीएल या स्पर्धेचे २०२३ ते २०२७ या पांच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्यें ४८,३९० कोटी रुपयांस विकले गेले. त्यापूर्वींच्या पांच वर्षांस तेच हक्क १६,३४७ कोटींच्या आसपास गेले होते. एवढी रक्कम एका संस्थेच्या पेटींत येऊन पडते, आणि ती संस्था सरकारी खातें नव्हे, भागधारकांची कंपनीही नव्हे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ सालीं स्थापन झालें, आणि संस्था-नोंदणीच्या कायद्याखालीं मद्रासेंत नोंदलेली तें एक संस्था आहे. निरनिराळ्या प्रांतांच्या संघटना तिच्या सभासद, सभासदांस मत, आणि मतांच्या बहुमतानें सर्व कारभार. प्रक्षेपणाच्या उत्पन्नांतील सुमारें सत्तर टक्के भाग सभासद संघटनांत वांटण्याची प्रथा या मंडळांत बरींच वर्षें चालत आली आहे. तेव्हां मत म्हणजे केवळ मान नव्हे. त्याच्या मागोमाग संघ येतो, सामने येतात आणि रक्कम येते.

मंडळाच्या आरंभींच्या काळांत हा प्रश्न निराळ्या रूपानें होता. तेव्हां पैसा संस्थानिकांचा होता, आणि सत्ताही ओघानेंच त्यांच्याकडे गेली होती. १९३६ सालीं इंग्लंडला गेलेल्या संघाचें नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेलें, तें त्यांच्या फलंदाजीच्या बळावर गेलें असें म्हणण्याचें धाडस त्यांच्या स्तुतिपाठकांखेरीज दुसऱ्या कोणीं केल्याचें दिसत नाहीं. आणि त्याच दौऱ्यांतून लाला अमरनाथ यांच्यासारख्या गुणी खेळाडूस अर्ध्या वाटेवरून घरीं धाडण्यांत आलें. खुद्द नागपुरास १८९५ सालीं जन्मलेले आणि १९३२ सालीं कसोटी सामन्यांत भारताचे पहिले कर्णधार झालेले कर्नल सी. के. नायडू यांस आपल्या आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें होळकरांच्या आश्रयाखालीं इंदुरास काढावीं लागलीं. ज्या गांवांत खेळाडू जन्मतो त्या गांवांत त्याला पोसण्याची ऐपत नसेल, तर त्याच्या कीर्तीचा उजेड दुसऱ्याच्या अंगणांत पडतो, ही गोष्ट नागपूर-वऱ्हाडानें तेव्हांपासून पाहिली आहे.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाड या नांवाचा संघ तींत होता. पुढें १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यांत आले. १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नांवाचा स्वतंत्र संघ खेळूं लागला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें तेव्हां राज्य एक परंतु क्रिकेटच्या संघटना तीन अशी स्थिति उत्पन्न झाली होती: मुंबईची एक, पुण्यास मुख्य ठाणें असलेली महाराष्ट्राची दुसरी, आणि नागपूरची विदर्भ संघटना तिसरी. गुजराथेंतही तसेंच, गुजराथ, सौराष्ट्र आणि बडोदें अशा तीन संघटना तेथें होत्या. राज्यांच्या सीमा बदलल्या तरी खेळाच्या सीमा जुन्याच राहिल्या, आणि कोणास त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं.

वावगें वाटावें अशी स्थिति दुसरीकडे होती. बिहार एवढें मोठें राज्य. २००० सालीं त्यांतून झारखंड वेगळें झालें, आणि मंडळाचें सभासदत्व झारखंडाकडे गेलें. कोट्यवधि लोकवस्तीच्या बिहारला रणजी स्पर्धेंत संघ उरला नाहीं. मणिपूर, मेघालय, मिझोराम, नागालँड, अरुणाचल या ईशान्येकडील राज्यांस पूर्ण सभासदत्व नव्हतें, उत्तराखंडासही नव्हतें. उलट मुंबईचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि कलकत्त्याचा नॅशनल क्रिकेट क्लब या दोन संस्था रणजी स्पर्धेंत एकही संघ न उतरवितां मंडळांत मत देत होत्या. पाटण्याच्या मुलास संघ नाहीं आणि मुंबईच्या क्लबास मत आहे, या व्यवस्थेचें समर्थन करणें कोणत्याही वकिलास जड गेलें असतें.

२०१३ सालीं आयपीएल स्पर्धेंत सट्टेबाजीचें आणि सामने नासविण्याचें प्रकरण निघालें. त्या प्रकरणाचा निवाडा मागण्यासाठीं न्यायालयांत गेली ती बिहारचीच संघटना, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मत नसलेल्यास शेवटीं न्यायालयाचेंच दार उरतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१५ मध्यें माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखालीं तीन निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली. समितीचा अहवाल ४ जानेवारी २०१६ रोजीं प्रसिद्ध झाला, आणि १८ जुलै २०१६ रोजीं न्यायालयानें त्यांतील बहुतेक सूचना मान्य केल्या. मंत्री आणि सरकारी अधिकारी यांनीं पदाधिकारी होऊं नये. सत्तर वर्षांपुढील कोणी पदावर राहूं नये. एकाच माणसानें वर्षानुवर्षें गादी अडवूं नये, मध्यें कांहीं काळ विसावा घ्यावा. खेळाडूंची स्वतःची संघटना असावी. जमाखर्च लोकांपुढें मांडावा. या सूचना ऐकून सामान्य माणसानें मान डोलविली. मंडळाच्या धुरीणांनीं मात्र त्या अमलांत आणण्यास इतकी टाळाटाळ केली कीं, २ जानेवारी २०१७ रोजीं न्यायालयानें अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांसही दूर केलें आणि त्याच महिन्याअखेर कारभारासाठीं प्रशासकांची समिती नेमली.

या सूचनांतली एक मात्र विदर्भाच्या वर्मावर बसली. ती म्हणजे एक राज्य, एक मत. ज्या राज्यांत अनेक संघटना असतील तेथें एका वेळीं एकीनेंच पूर्ण सभासदाचे हक्क वापरावे, आणि हे हक्क वर्षावर्षानें आळीपाळीनें फिरावे, अशी तजवीज प्रशासकांनीं २०१७ सालीं सिद्ध केलेल्या घटनेंत होती. म्हणजे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांस तीन वर्षांतून एकेक वर्ष मत. मुंबईनें रणजी करंडक तोंपर्यंत एकेचाळीस वेळां जिंकलेला; तिच्या गोटांत मोठा गदारोळ उठला, आणि वर्तमानपत्रांचे रकाने त्यानेंच भरले. विदर्भाची तक्रार त्या मानानें कोणाच्या कानीं फारशी गेली नाहीं. परंतु नुकसानीचा विचार केला तर तें विदर्भाचेंच अधिक होतें. मुंबईस मत नसलें तरी मुंबईचा शब्द ऐकला जातो. तेथें मंडळाची कचेरी आहे, व्यापार आहे, पूर्वींचे महान खेळाडू आहेत. नागपूर-अमरावतीच्या शब्दास वजन येतें तें मतामुळेंच. मत गेलें कीं शब्दही गेला.

समितीचा हेतु वाईट होता असें नाहीं. तिनें संघ काढून घेतला नव्हता, पैसा बंद करा असें सांगितलें नव्हतें. विदर्भानें खेळावें, विदर्भानें वांटाही घ्यावा. केवळ ठरविण्याच्या वेळीं तीन वर्षांपैकीं दोन वर्षें बाहेर बसावें, एवढेंच तिचें म्हणणें. येथेंच विहिरीचा दाखला लागू पडतो. वांट्याचें प्रमाण दगडावर कोरलेलें नसतें. सभासदांच्या सभेंत तें ठरतें आणि सभेंतच तें बदलतें. कसोटी सामना कोणत्या मैदानास द्यावयाचा, कोणत्या समितीवर कोणास घ्यावयाचें, नव्या स्पर्धेचें उत्पन्न कोणत्या खात्यांत जमा करावयाचें, या सर्व गोष्टी सभेंतल्या. ज्याचा हात तेथें वर होऊं शकत नाहीं त्याचा वांटा आज पूर्ण आहे, उद्यां किती असेल हें सांगतां येणार नाहीं.

९ ऑगस्ट २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आपल्या पूर्वींच्या निर्णयांत दुरुस्ती केली. महाराष्ट्रांतील तिन्ही आणि गुजराथेंतील तिन्ही संघटनांस पूर्ण सभासदत्व परत मिळालें. या संघटनांचा इतिहास आणि क्रिकेटची त्यांनीं केलेली जोपासना न्यायालयानें विचारांत घेतली. परंतु बिहारचा आणि ईशान्येकडील राज्यांचाही हक्क कायम राहिला. २०१८-१९ च्या रणजी स्पर्धेंत नऊ नवे संघ आले आणि संघांची संख्या सदतीस झाली. जुन्यांचें न काढतां नव्यांस दिलें गेलें. या निवाड्यांत एक राज्य एक मत या तत्त्वाची शुद्धता राहिली नाहीं हें खरें. परंतु भूमितीची शुद्धता माणसांच्या संस्थांत आणावयाची म्हटलें म्हणजे कोणाचा तरी बांध मोडतोच.

मताबरोबर आलेल्या पैशाचें विदर्भानें काय केलें, हाही प्रश्न रास्त आहे. कारण वांटा मागणाऱ्यानें हिशेब द्यावयास हवा. नागपुराबाहेर जामठा येथें २००८ सालीं नवें मैदान उभें राहिलें आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना झाला. मैदान हें डोळ्यांत भरणारें काम. त्याहून महत्त्वाचें काम मुलांना शिकविण्याचें, आणि तें डोळ्यांत भरत नाहीं. त्याचें फळ दहा वर्षांनीं दिसलें. कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या माणसाचा मुलगा उमेश यादव २०११ सालीं कसोटी संघांत गेला. विदर्भाच्या संघांतून तेथवर पोहोंचलेला तो पहिला. मग २०१७-१८ च्या हंगामांत, पहिला सामना खेळल्यापासून साठ वर्षांनीं, विदर्भ प्रथमच रणजीच्या अंतिम सामन्यांत आला आणि १ जानेवारी २०१८ रोजीं इंदूरच्या मैदानावर त्यानें दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला. कर्णधार फैज फजल, शिक्षक चंद्रकांत पंडित. रजनीश गुरबाणीनें त्या सामन्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले. इंदूर! नायडूंना जेथें आश्रय शोधावा लागला तेंच शहर. पुढच्याच वर्षीं नागपुरास सौराष्ट्राला ७८ धावांनीं हरवून करंडक पुन्हां राखला, आणि २०२४-२५ सालीं केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यांत पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदां जिंकला. त्या हंगामांत हर्ष दुबे या तरुण गोलंदाजानें ६९ गडी बाद करून स्पर्धेचा विक्रम केला.

बाहेरचे खेळाडू आणून हें यश मिळविलें, असें कोणी नाक मुरडून म्हणतात. वसीम जाफर मुंबईचा, करुण नायर कर्नाटकाचा, हें खरेंच आहे. परंतु पूर्वीं येथला नायडू बाहेर जाई, आतां बाहेरचा जाफर येथें येतो, याचा अर्थ एवढाच कीं पोसण्याची ऐपत आतां येथें आहे. आणि अंतिम सामन्यांत ज्यांनीं चेंडू टाकले त्यांतील बहुतेक या मातींतलेच होते.

हाच वाद सातासमुद्रांपलीकडे इंग्लंडांत फुटबॉलच्या खेळांत निराळ्या वेषांत झाला, आणि तो पाहिला म्हणजे विदर्भाच्या गोष्टीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. तेथील फुटबॉल लीग १८८८ सालीं बारा क्लबांनीं सुरू केली. घरच्या मैदानावर जमलेल्या गल्ल्यांतून पाहुण्या संघास कांहीं हिस्सा देण्याची चाल तेथें १९८३ पर्यंत होती. ती मोडली, आणि मोठ्या शहरांतले मोठे क्लब आपला गल्ला आपल्याच घरीं ठेवूं लागले. १९९२ सालीं वरच्या श्रेणीचे बावीस क्लब जुन्या लीगमधून फुटून निघाले आणि त्यांनीं प्रीमियर लीग काढली. दूरचित्रवाणीचा अफाट पैसा या लीगकडे वळला. फुटून निघणाऱ्यांनीं आपल्यापुरता मात्र एक चांगला नियम ठेवला: प्रत्येक क्लबास एक मत, आणि महत्त्वाच्या ठरावास दोन-तृतीयांश बहुमत. आज वीस क्लबांपैकीं चौदांची संमति लागते. देशांतील प्रक्षेपणाच्या पैशाचा अर्धा भाग सर्वांस समान, उरलेला कांहीं क्रमांकाप्रमाणें आणि कांहीं प्रक्षेपित सामन्यांच्या संख्येप्रमाणें, अशी तेथली रीत आहे.

खालच्या श्रेणींतील बहात्तर क्लब मात्र कोरडे पडत चालले. १८८५ सालीं स्थापन झालेला आणि इंग्लंडचा मानाचा चषक दोनदां जिंकलेला बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्यें पैशाच्या अडचणीपायीं लीगमधून काढून टाकण्यांत आला. दुसऱ्याच वर्षीं करोनाच्या सांथीनें मैदानें ओस पडलीं, आणि ज्यांचें पोट तिकिटांवर चालतें त्यांची अवस्था बिकट झाली. नेमक्या त्याच वेळीं, ऑक्टोबर २०२० मध्यें, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड या दोन धनाढ्य क्लबांच्या पुढाकारानें तयार झालेली एक योजना बाहेर आली. योजना ऐकावयास फार उदार होती. खालच्या क्लबांस तात्काळ पंचवीस कोटी पौंड द्यावयाचे, आणि पुढें प्रक्षेपणाच्या उत्पन्नांतील चौथा हिस्सा. बुडत्यास याहून मोठा आधार कोणता? खालच्या लीगच्या अध्यक्षांनीं तिचें स्वागत केलें, आणि अनेक लहान क्लबांनींही केलें. परंतु त्याच योजनेंत पुढें असें होतें कीं, एक क्लब एक मत हा नियम मोडावा; वरच्या श्रेणींत सर्वांत दीर्घकाळ असलेल्या नऊ क्लबांस विशेष मत द्यावें; आणि त्यांतील सहा एकत्र आले कीं मोठे निर्णय व्हावे. दुसऱ्या क्लबाचा नवा मालक कोण असावा, हेंसुद्धां त्या सहांनीं ठरवावें.

सहा क्लबांच्या हातीं चावी देऊन चौथा हिस्सा घ्यावयाचा, असा तो सौदा होता. आणि चावी हातीं असलेल्यानें पुढें चौथ्याचा आठवा केला तर त्यास अडविणारें मत कोणाजवळ उरणार होतें? प्रीमियर लीगच्या क्लबांनीं १४ ऑक्टोबर २०२० रोजीं ही योजना फेटाळली. फेटाळणाऱ्यांत तत्त्वनिष्ठा किती आणि स्वतःचें मत जाण्याची भीति किती, याची मोजदाद करण्याचें कारण नाहीं. मत राखण्याची भीति ही लोकशाहींतील एक सद्गुणच समजावी. सहाच महिन्यांनीं, एप्रिल २०२१ मध्यें, इंग्लंडांतील सहा मोठे क्लब युरोपांतील इतर धनिक क्लबांशीं मिळून बंद दाराची स्वतंत्र लीग काढावयास निघाले, आणि प्रेक्षकांच्या संतापामुळें दोन-तीन दिवसांतच मागें फिरले. यानंतर इंग्लंडच्या पार्लमेंटनेंच हात घातला. जुलै २०२५ मध्यें फुटबॉलच्या कारभाराचा कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक नेमला गेला. वरच्या व खालच्या लीगांत पैशाच्या वांटणीविषयीं समेट झाला नाहीं तर शेवटीं निर्णय देण्याची शक्ति त्याच्या हातीं देण्यांत आली. लहानांस मत देणें थोरांस मानवेना, म्हणून मध्यें पंच आणावा लागला.

जागतिक क्रिकेटची संस्था १९०९ सालीं इम्पीरियल या विशेषणासह जन्मली, आणि इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांस तींत नकाराधिकार १९९३ पर्यंत होता. या मक्तेदारीस पहिला मोठा धक्का ज्यांनीं दिला त्यांत नागपूरचे एन. के. पी. साळवे होते. ते १९८२ ते १९८५ या काळांत मंडळाचे अध्यक्ष होते. १९८३ सालीं लॉर्ड्स येथें भारत विश्वचषकाचा अंतिम सामना खेळत असतां त्यांना दोन जादा प्रवेशपत्रिका नाकारण्यांत आल्या, आणि त्या अपमानांतून पुढची स्पर्धा इंग्लंडबाहेर नेण्याची ईर्षा उपजली, अशी कथा सांगतात. ईर्षा कशींतूनही उपजो. काम झालें तें मतांनीं. भारत-पाकिस्तानांनीं लहान सभासद देशांस इंग्लंडपेक्षां अधिक रक्कम देऊं केली, त्यांचीं मतें मिळविलीं, आणि १९८७ ची स्पर्धा भारत आणि पाकिस्तान येथें भरली.

पुढें काळ फिरला. कालचा धाकटा आज थोरला झाला. २०१४ सालीं भारत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया या तिघांनीं जागतिक संस्थेंतील सत्ता आणि उत्पन्न यांचा मोठा भाग आपल्याकडे घेतला. या रचनेस ज्यांनीं उघड विरोध केला तेही नागपूरचेच: विदर्भ संघटनेंतून पुढें आलेले शशांक मनोहर. ते दोन वेळां मंडळाचे अध्यक्ष झाले होते. मे २०१६ मध्यें ते जागतिक संस्थेचे स्वतंत्र अध्यक्ष झाले, आणि एप्रिल २०१७ मध्यें त्यांच्या कारकीर्दींत पैशाच्या वांटणीची नवी रीत तेरा विरुद्ध एक अशा मतांनीं मंजूर झाली. तें एक विरोधी मत भारताचें होतें. आठ वर्षांच्या त्या हिशेबांत भारतास २९.३ कोटी डॉलर ठरले होते. पुढें जूनमध्यें तडजोड होऊन ४०.५ कोटी झाले. मनोहरांवर स्वदेशांत कडक टीका झाली, आणि टीकाकारांचें म्हणणें सर्वस्वीं टाकाऊ नव्हतें. जगांत क्रिकेट पाहणाऱ्यांत भारतीयच सर्वांत अधिक; जाहिरातदार पैसा ओततात तो त्यांच्यासाठीं; मग विहीर ज्यानें खणली त्यानें पाणी मोजून कां घ्यावें? परंतु हाच युक्तिवाद मुंबईनें विदर्भाविरुद्ध केला तर नागपुरास तो गोड लागेल काय? २०२३ सालीं जागतिक संस्थेनें २०२४ ते २०२७ या चार वर्षांची नवी वांटणी मंजूर केली. वर्तमानपत्रांत आलेल्या आकड्यांप्रमाणें तींत भारताचा हिस्सा शेंकडा साडेअडतीस आहे. भारताबाहेरील एखाद्या लहान देशास हा आकडा वाचून काय वाटत असेल, हें समजण्यास विदर्भाच्या माणसास फार कल्पनाशक्ति लागूं नये.

आतां घरांतली गोष्ट. मंडळाकडून विदर्भास, म्हणजे नागपुरास, वांटा आला. पुढें तो अमरावतीस, अकोल्यास, यवतमाळास, बुलढाण्यास कसा जातो? शेंदूरजनाघाटचा एखादा मुलगा चेंडू चांगला टाकूं लागला तर त्याची वाट वरूड, अमरावती, नागपूर अशी जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी दार उघडावें लागतें. वऱ्हाडांत खेळाची परंपरा नागपुराच्या दानावर उभी राहिलेली नाहीं. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक समारंभांत देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविण्यास त्याचें पथक गेलें होतें. क्रिकेटमध्येंही जितेश शर्मा अमरावतीचा, अथर्व तायडे अकोल्याचा. गुण नागपुराच्या सीमेपाशीं थांबत नाहीं हें सिद्धच आहे. प्रश्न गुणाचा नसून विदर्भाच्या सभेंत जिल्ह्याच्या शब्दास वजन किती, याचा आहे. लोढा समितीच्या सूचना राज्य संघटनांनाही लागू होत्या: पदाधिकाऱ्यांच्या मुदती, उघडा जमाखर्च, खेळाडूंस स्थान. सप्टेंबर २०२२ मध्यें न्यायालयानें मुदतीचा नियम सैल केला, आणि आतां एक माणूस राज्यांत सहा व मंडळांत सहा अशीं बारा वर्षें सलग पदावर राहूं शकतो. २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें सर्वच खेळांच्या संघटनांसाठीं राष्ट्रीय क्रीडा शासनाचा कायदा केला. परंतु दिल्लीच्या कायद्यानें किंवा न्यायालयाच्या हुकुमानें नागपूरचा दरवाजा उघडला तरी तालुक्याचा उघडेलच असें नाहीं.

आयपीएलच्या प्रक्षेपणाचे करार २०२७ सालीं संपतात, आणि जागतिक संस्थेची चार वर्षांची वांटणीही त्याच सालीं संपते. दोन्ही हिशेब तेव्हां नव्यानें मांडावे लागतील. मुंबईच्या बैठकींत त्या वेळीं विदर्भाचा प्रतिनिधि असेल, मेघालयाचा असेल, बिहारचाही असेल. तेथून परत आलेल्या विदर्भाच्या प्रतिनिधीस नागपूरच्या सभेंत अमरावती आणि अकोला कोणत्या अधिकारानें प्रश्न विचारणार, हें मात्र त्या दोन जिल्ह्यांस त्यापूर्वींच ठरवून घ्यावें लागेल.